बोणी वेगळी, मदत वेगळी

वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या एका वहिनींचं पत्र आलंय. सोसायटीचा नेपाळी वॉचमन, गाव पश्चिम नेपाळातल्या जाजरकोटकडचं, ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीच्या भूकंपात घर बसलं, बायको-मुलं ताडपत्रीखाली. वहिनींना मदत करायचीय. मिस्टर म्हणतात दिवाळीची बोणी, म्हणजे पोस्त, द्यायचीच आहे, त्यातच थोडे जास्त घालू. सेक्रेटरी म्हणतात एकाच माणसाला कशाला, मोठ्या फंडात भरा, पावती तरी मिळेल. सासूबाईंनी तर जुन्या साड्या-स्वेटरचं गाठोडं बांधूनही ठेवलंय. वहिनी विचारतात, एकालाच दिलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का होणार?

अगं, अन्याय कसला त्यात! तिकडे दीडशेच्या वर माणसं गेलीत, हजारो घरं पडलीत, ती सगळी तू थोडीच उभी करणारेस? फंडात भरायचे असतील तर तिथेही भर, पण रात्रभर तुमच्या गाड्या सांभाळणारा माणूस गेटवर बसलाय आणि त्याला ओलांडून जाऊन तू व्हॉट्सअॅपवर आलेला कुठला तरी क्यूआर कोड स्कॅन करणार, हे मला तरी पटत नाही. पावतीचं खरंय, एका माणसाला दिलेल्या पैशावर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची सूट मिळत नाही, तर सेक्रेटरीसाहेबांना म्हणावं टॅक्स वाचवायला दुसरं काहीतरी शोधा.

बोणीचं मात्र मिस्टरांना नीट सांग. बोणी त्याच्या हक्काची, वर्षभर राबलाय तो, ती दरवर्षीसारखी द्यायची. मदत वेगळी, वेगळ्या दिवशी, आणि फोटोबिटो अजिबात नाही.

आता देण्याआधी त्याला विचार की बाबा तुला काय हवंय. आणि हो, पत्रभर तू 'आमचा बहादूर' लिहिलंयस, त्याचं नाव पण विचारून घे. माझा अंदाज सांगू? तो आधी रजा मागेल. एजन्सीचा माणूस असेल तर जितके दिवस गैरहजर तितका पगार कट, आणि महिनाभर गेला तर परत येईपर्यंत जागेवर दुसरा कोणीतरी बसलेला. वडोदऱ्याहून लखनौ, तिथून रुपईडीहाची बॉर्डर, पलीकडे नेपाळगंज, मग सुर्खेतवरून डोंगरातली बस, जाण्यायेण्यातच आठवडा जातो, म्हणून ही माणसं घर पडलं तरी ड्यूटीवरच बसून राहतात. तुमच्या कमिटीने एजन्सीला लेखी दिलं ना की दोन महिने याची जागा ठेवा, रजेचा पगार आम्ही भरतो, तर ती सगळ्यात मोठी मदत. वीस-बावीस फ्लॅट असतील तर घरटी कितीसे येतात, तूच हिशोब कर.

पैशाचं म्हणशील तर तिकडच्या सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी या भूकंपानंतर ५० हजार नेपाळी रुपये दोन हप्त्यांत द्यायचं ठरवलं, आपल्या एका रुपयाचे तिथे एक रुपया साठ पैसे होतात, म्हणजे आपले साधारण ३१ हजार. त्यात पत्र्याची खोली होईल कशीबशी, पक्कं घर नाही. २०१५ च्या मोठ्या भूकंपानंतर घरासाठी ३ लाख नेपाळी दिले होते, तेही तीन हप्त्यांत, आणि लोक कितीतरी वर्षं बांधतच होते. म्हणून तू सगळे एकदम देऊ नकोस, थोडे आत्ता थंडीसाठी, बाकीचे भिंती उभ्या राहायला लागल्या की. तो इथेच असला तर रोख त्याच्याच हातात दे. गावी गेला असेल तर तुझ्या बँकेत भारत-नेपाळ रेमिटन्सची, म्हणजे तिकडे पैसे पाठवायच्या सोयीची चौकशी कर, एनईएफटीवरूनच जातात, खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत.

सासूबाईंना दुखवू नकोस, पण भूजच्या भूकंपाच्या वेळी जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडले होते ते त्यांना आठवत असेलच. साड्या राहू देत, स्वेटरांतले धड असतील तेवढे त्याला दाखवा, तो न्यायचे ते नेईल, आणि त्यांच्या हातून दोन नवी जाड ब्लँकेट्स द्या.

आणि तो नको म्हणाला तर एकदाच आग्रह कर. उसने म्हणून मागितले तर उसने दे, आणि परत करायला आला तर घे गपचूप, मोठेपणा दाखवून राहू दे राहू दे करू नकोस.