मनाई मिळाली, पण अशिलाच्या पिशवीतून वेगळाच कागद निघाला तर

हे बघ, तुझा मेसेज वाचला, फोनवर नीट बोलणं होत नाही म्हणून लिहितोय. दाव्यात आपण लिहिलं वाटप कधी झालंच नाही, जमीन एकट्या वादीच्या ताब्यात आहे, त्यावर एकतर्फी मनाई (समोरच्याला न ऐकता दिलेला तात्पुरता मनाई हुकूम) मिळाली, आणि आता अशील बोलता बोलता पिशवीतून वाटपाचा फेरफार (वाटप झाल्याची महसुली नोंद) काढतो आणि वर म्हणतो साहेब, समोरच्याला सापडला तर बघू. अशील असंच म्हणणार. पण तू "ड्राफ्ट सरांचा होता" म्हणू नकोस, वकीलपत्रावर तुझंही नाव आहे.

सत्यापनाखाली (दाव्यातला मजकूर खरा आहे या कबुलीखाली) सही अशिलाची, मान्य. तुला माहीत नव्हतं तोवर ती त्याची भानगड. पण कळल्यावरही त्याच परिच्छेदाच्या जोरावर मनाई कायम करा म्हणून युक्तिवाद केलास तर ते खोटं तुझं झालं. आणि मनाई चालू आहे म्हणजे समोरचा प्रतिवादी आजही स्वतःच्या शेतात पाय ठेवू शकत नाहीये, हे विसरू नको. दिवाणी प्रक्रिया संहितेचा (सीपीसी) आदेश 39 नियम 4 काढ, त्याचं परंतुक वाच: महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगून नोटिशीशिवाय मनाई घेतली असेल तर कोर्टाने ती उठवायचीच, न्यायासाठी तसं करणं गरजेचं नाही असं वाटलं तर कारणं लिहून ठेवायची.

"आम्ही खोटं कुठे बोललो, फक्त कागद लावला नाही" हे तर चालतच नाही. सुप्रीम कोर्टाचा चेंगलवराय नायडू निवाडा वाच, 1994 ला रिपोर्ट झालाय. त्यात वादीने तो ज्याच्याकडे नोकरीला होता त्या मालकासाठी लिलावात मिळकत घेतली, हक्क सोडल्याचा दस्त करून दिला, आणि तोच दस्त लपवून वाटणीचा दावा लावला. सुप्रीम कोर्ट म्हणालं ही कोर्टाचीच फसवणूक. 2024 मध्ये न्या. अभय ओक (आपले ठाण्याचे) यांच्या बेंचने शिक्षामाफीच्या अर्जांत खोटी विधानं आणि लपवाछपवी सापडल्यावर वकिलांना चांगलंच सुनावलं होतं, तेही बघ.

आता करायचं काय. अशिलाला ऑफिसला बोलव, फेरफार समोर ठेव, आणि सल्ला लेखी दे, त्याची पोच घे. तो तयार झाला तर आदेश 6 नियम 17 चा दुरुस्ती अर्ज आणि सोबत नवीन अॅफिडेव्हिट, नुसत्या पुरसीसवर (कोर्टाला दिलेल्या छोट्या लेखी निवेदनावर) हे भागवू नको, पुरसीस किरकोळ गोष्टींसाठी ठीक. आणि रेकॉर्डमधलं पान बदलून घेऊ असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबव, असले सल्ले बाररूममध्ये फुकट मिळतात.

नाही म्हणाला तर? कोर्टात उभं राहून त्याचं गुपित फोडायचं नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 132 आहे, अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवायचं. रीतसर नोटीस देऊन वकीलपत्र मागे घ्यायची परवानगी माग, कारणात जास्त लिहू नको. पण मधल्या तारखेला त्या परिच्छेदावर एक शब्द बोलायचा नाही.

न्यूयॉर्कच्या मॅटा केसमध्ये (2023) वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे लावले, दंड झाला 5000 डॉलर. जज म्हणाले समोरच्याने शंका काढल्यावर लगेच कबूल केलं असतं तर चित्र वेगळं असतं. म्हणून प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) यायच्या आत कोर्टात जा. दुरुस्ती अर्जाचा ड्राफ्ट आज रात्री पाठव, उशीर झाला तरी चालेल, फेरफाराची झेरॉक्स जोडायला विसरू नको.