माकडांच्या जंतांवर काम सुरू करतोयस? मग हे बघ

भावा, राधानगरीत जायच्या आधी वनखात्याची परवानगी काढ, अभयारण्यात नुसती शी उचलायची असली तरी ती लागतेच. माकड आणि वानर वेगळे लिही, टोपी माकड वस्तीत, उष्ट्यात जास्त घुसतंय त्यामुळं माणसाशी जंतांची देवाणघेवाण तिथंच बघायला मिळते.

सॅम्पल शीच्या मधल्या भागातनंच घे, मातीला टेकलेलं घेतलंस की मातीतले साधे कृमी आत येतात आणि तू लई मोठा शोध लागला म्हणून नाचत बसशील. अर्धं १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाक, अर्धं इथेनॉलमध्ये, कारण फॉर्मॅलिननं डीएनए खराब होतो नि नंतर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून जंत ओळखायची चाचणी) करायचं म्हटलं की बोंब.

ट्रायक्युरिसचं (चाबकासारखा आतड्यातला जंत) अंडं ओळखायला सोपं आहे, दोन्ही टोकांना बूच लावलेल्या पिंपासारखं. पण दिसायला सेम म्हणून माणसाचाच जंत असं लगेच लिहू नको, ते डीएनए बघूनच ठरतंय. हुकवर्म (अंकुशकृमी) आणि इसोफॅगोस्टोमम हे आतड्यातले जंत तर अंड्यावरनं वेगळे ओळखूच येत नाहीत, अळ्या वाढवून नाहीतर डीएनए बघूनच कळतं. इसोफॅगोस्टोमम माकडांचा म्हणून सोडून देतात, पण पश्चिम आफ्रिकेत उत्तर टोगो-घानात माणसांतही भरपूर सापडलाय.

ट्रायक्युरिसच्या अंड्याला संसर्ग करण्याइतपत तयार व्हायला मातीत दोन-तीन आठवडे लागतात म्हणून ताज्या सॅम्पलमधनं त्याची भीती कमी, पण स्ट्राँगिलॉइड्स (आतड्यातलाच आणखी एक बारीक जंत) आणि हुकवर्मच्या अळ्या कातडीतनं घुसतात, तेव्हा चप्पल घालून फिरू नकोस, बूट नि ग्लोव्ह्ज पाहिजेतच. आणि तसल्याच हातानं वडापाव खाणारे पण बघितलेत मी.