गाणं, सीईटी आणि मुलाने दिवाळीत सांगितलेली गोष्ट

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. हार्मोनियमच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्यात, पण आता रात्र रात्र लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं सिंथ-पॉप की काय ते करतो आणि स्वतःच गातो. ‘इरेजर’ या ब्रिटिश जोडीतला अँडी बेल त्याचा आदर्श. दिवाळीत त्याने मला सांगितलं, की तो गे आहे. ह्यांना अजून माहीत नाही. नात्यातल्या एकीने ‘डॉक्टरला दाखव’ म्हटलं. मी त्याला म्हणाले, आधी इंजिनिअर हो, नोकरीला लाग, तोवर हे कुणाला बोलू नकोस. अशा मुलाला स्टेजवर कोण उभं करणार? माझं चुकलं का? – एक आई, कोथरूड

ताई, यातला करिअरचा प्रश्न एकच आहे, गाण्याचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. डॉक्टरला दाखवण्यासारखं काही झालेलं नाही. समलिंगी असणं हा आजार नाही, असं आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळलं. ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टर २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं म्हणणं आहे. त्या नातेवाईक बाईंना एवढं सांगितलं तरी पुरे. वडिलांना कधी सांगायचं हे मुलगा ठरवेल. तुम्ही त्याच्या आधी बोलू नका. तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं, तर पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी पालकांना कळेल अशा मराठीत या विषयावर बरंच लिहिलंय, ते वाचा.

आता अँडी बेल. मुलाचा आदर्श आहे म्हणता, तर त्याची सुरुवात कशी झाली तेही बघू. १९८५ मध्ये व्हिन्स क्लार्क या संगीतकाराने ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात गायक हवा म्हणून जाहिरात दिली. क्लार्क तेव्हाच नावाजलेला होता, ‘डेपेश मोड’ आणि ‘याझू’ हे दोन्ही गट त्याने उभे केले होते. पीटरबरोहून आलेला विशीतला बेल ऑडिशनला गेला आणि निवडला गेला. या जोडीचं, म्हणजे इरेजरचं, पहिलं गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत ५५ व्या क्रमांकावर अडकलं, दुसरं शंभराव्यावर, तिसरं ८५ व्यावर. लोक म्हणत, हा याझूची गायिका अॅलिसन मॉयेटसारखा गातो. तक्रार होती ती आवाजाबद्दल. तो गे आहे हे त्याने पहिल्यापासून लपवलंच नव्हतं. १९८६ च्या शेवटी चौथं गाणं थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९८८ च्या एप्रिलमध्ये त्यांचा तिसरा अल्बम अव्वल ठरला आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करायला स्थानिक संस्थांना मनाई करणारा कायदा लागू झाला. म्हणजे वातावरण काही मोकळं नव्हतं. २००४ मध्ये बेलने आपण एचआयव्हीबाधित असल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही अल्बम आणि दौरे चालूच राहिले.

याच्या शेजारी ‘पेट शॉप बॉइज’ या दुसऱ्या ब्रिटिश सिंथ-पॉप जोडीतला गायक नील टेनंट ठेवा. इतिहासाचा पदवीधर, आधी प्रकाशनसंस्थांत नोकरी, मग ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या पाक्षिकात संपादकीय काम. तिशी गाठेपर्यंत पगारावर होता. त्याचा संगीतातला जोडीदार ख्रिस लो आर्किटेक्चर शिकत होता. टेनंटने आपण गे असल्याचं जाहीरपणे सांगितलं १९९४ मध्ये, चाळिशीत. एकाने पहिल्या दिवसापासून सांगितलं, दुसऱ्याने बऱ्याच वर्षांच्या यशानंतर, आणि दोघेही टिकले. तेव्हा ‘नोकरी लागेपर्यंत बोलू नकोस’ हा करिअरचा सल्ला म्हणून मला पटत नाही. कुठे, कुणाजवळ बोलणं सुरक्षित आहे हे मात्र त्याने जरूर पाहावं.

तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. वाद्यांची मांडणी वयाच्या मानाने फार समजूतदार आहे. दुसऱ्या कडव्यात त्याने बेस आणि ड्रम दोन्ही काढून नुसता आवाज ठेवलाय, हे धाडस आवडलं. पण नेमका तिथेच सूर उतरतो, ओळीचं शेवटचं अक्षर श्वासाअभावी गिळलं जातं, आणि हे झाकायला वर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओतलाय. हार्मोनियमने कान तयार झाला, गळा नाही. त्याला गाण्याचा गुरू हवा, आजच. सकाळचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, कुठलंही सॉफ्टवेअर त्याच्यासाठी करणार नाही. (गाणं मराठीत लिहिलंय, त्याचे वेगळे गुण.)

इंजिनिअरिंगला मी शत्रू मानत नाही. स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर, तो गाळणारा फिल्टर, त्याचा चढउतार ठरवणारा एन्व्हलप हे सिंथेसायझरचं पोट आहे आणि ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनच्या) सिग्नल्सच्या पेपरात तेच गणित असतं. कॉलेज निवडताना कटऑफइतकीच चौकशी आर्ट सर्कलची करा. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमीत मुलं जे लाइव्ह संगीत उभं करतात, तेवढी शिकवणी पैसे देऊन मिळत नाही. इंजिनिअरिंग नकोच असेल, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, पण तिथला पाया शास्त्रीय आहे हे त्याला माहीत असू द्या. एफटीआयआय या पुण्यातल्या चित्रपट संस्थेचा ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा. त्याला बारावीचं फिजिक्स लागत आलंय, तेव्हा फिजिक्स सोडू देऊ नका आणि प्रवेशाच्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

पैशांचं सरळ सांगतो. नुसत्या सिंथ-पॉपवर पुण्यात सुरुवातीला घरभाडं निघत नाही. स्ट्रीमिंगचे पैसे किरकोळ असतात. जिंगल, वेबमालिकांचं पार्श्वसंगीत, दुसऱ्यांच्या गाण्यांचं मिक्सिंग, कॉर्पोरेट कार्यक्रम, शिकवण्या यांतून महिना भरतो, आणि त्यातली बरीच कामं स्वतः रेकॉर्डिंग करता येणाऱ्याला मिळतात. गाण्यावरचा हक्क मात्र ते लिहिणाऱ्याचा असतो, म्हणून स्वतः लिहिण्याची सवय त्याने सोडू नये. बेल नुसता गायक राहिला नाही, इरेजरच्या गाण्यांवर क्लार्कबरोबर त्याचंही नाव आहे. त्यांचं १९८८ चं एक गाणं २००१ मध्ये ‘व्हीटस’ या अमेरिकन बँडने गायलं, तेव्हाही लेखक म्हणून हक्क या दोघांचाच. आपल्याकडेही २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की त्याने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. मित्रांबरोबर गाणं केलं तर कोणाचा किती वाटा हे त्याच दिवशी कागदावर लिहावं. दोस्तीत हे राहून जातं आणि मग भांडणं होतात.

यंदा सीईटी देऊ द्या, नवीन उपकरणं मात्र आता घेऊ नका. आहे त्या लॅपटॉपवर आणि साध्या मायक्रोफोनवर वर्षभर पुरेल इतकं काम आहे. पुढचं गाणं पाठवाल तेव्हा आवाज आणि वाद्यं वेगवेगळ्या फायलींत द्यायला सांगा, आवाजावर रिव्हर्ब न लावता.