जुन्या लिनक्स मशीनवर नेटवर्कची नजर कशी ठेवायची?

जामनेरच्या दुकानात नेट दुपारी तुटतं आणि दोष वायरिंगचा की लाइनचा हे कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. पडून असलेलं २ जीबी रॅमचं मशीन त्यासाठी पुरेसं आहे. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका आणि तिच्यातल्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘ॲप्ट’नेच ‘स्मोकपिंग’ बसवा. नेट कुठे, कधी अडखळतं याचे आलेख काढणारं हे छोटं सॉफ्टवेअर. मोठी सॉफ्टवेअरं इथे नकोत, ती सांभाळण्यातच जीव जातो.

खरं काम स्मोकपिंगच्या ‘टार्गेट्स’ फाइलमध्ये आहे. तीन पत्ते द्या: तुमचा राउटर, त्यापुढचा नेट कंपनीचा गेटवे (लाइनच्या पलीकडचं त्यांचं पहिलं यंत्र) आणि ८.८.८.८ (बाहेरचा गूगलचा सर्व्हर). स्मोकपिंग दर ५ मिनिटांनी प्रत्येकाला २० पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे संदेश, पाठवतं. राउटरच्याच आलेखात पिंग गळत (उत्तराविना राहत) असतील तर दोष दुकानातला. राउटर स्वच्छ आणि पुढचे दोन्ही गळत असतील तर लाइनचा. मशीन मात्र केबलनेच जोडा. वायफायवर आलेख फसवतो.

आमच्या भुसावळच्या गोदामात मे महिन्यात रोज दुपारी दोन ते चार या वेळेत राउटरचेच पिंग गळायचे. पत्र्याखालच्या बंद पेटीतला नेटवर्क स्विच (नेटच्या केबल एकत्र जोडणारा डबा) हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला! पेटी खाली भिंतीवर आणली, गळती थांबली.

आणि हो, वीज गेली-आली की मशीन आपोआप चालू होईल अशी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सेटिंग करा.