व्याकरण तोंडपाठ, तरी उतारा कळत नाही

सिंगापूरमध्ये समुपदेशनाचं काम करताना एक तक्रार मला वेगवेगळ्या आयांकडून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकायला मिळते. "मुलगा व्याकरणाचे नियम घडाघडा सांगतो, रोज शब्द पाठ करतो, तरी लिहिताना त्याच त्या चुका. उतारा वाचला की उत्तरं भलतीच. याला डोकं कमी आहे की हा लक्षच देत नाही?" विचारणाऱ्या बहुतेक जणी चीनमधून मुलाला घेऊन आलेल्या असतात. नवरा तिकडे नोकरीधंदा सांभाळून पैसे पाठवतो आणि बाई इथे भाड्याच्या खोलीत राहून मुलाच्या शिक्षणामागे असते. इथे त्यांना 'पेइदू मामा' म्हणतात. परदेशी मुलाला सरकारी शाळेत जागा हवी तर सहसा एईआयएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. विषय दोन, इंग्रजी आणि गणित. गणिताची काळजी घेऊन माझ्याकडे अजून तरी कुणी आलेलं नाही.

हाओ (नाव बदललं आहे) तेरा वर्षांचा, शानतोंग प्रांतातला. त्याला माझ्याकडे पाठवलं ते इंग्रजीसाठी नव्हे, पोटदुखीसाठी. सराव परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात कळा यायच्या, कधी उलटी व्हायची. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. आई मात्र पिशवीभर तपासलेल्या प्रश्नपत्रिका घेऊन आली होती आणि पोटदुखीचा विषय दोन वाक्यांत संपवून ती त्या उलगडू लागली. "लाओशी, बघा," ती म्हणाली. शिक्षकांना म्हणतात तसं ती मला लाओशीच म्हणायची. "शी गो, ही लाइक, टू बुक. सहा वर्षं इंग्रजी शिकलाय. हा निव्वळ निष्काळजीपणा." माझं मँडरिन बाजारापुरतं, म्हणून एक चिनी सहकारी सोबत बसली होती. हाओ मान खाली घालून बुटाच्या नाडीशी खेळत होता.

तो शिकला कसा, हे आधी सांगायला हवं. चीनमध्ये 2001 पासून तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं धोरण आलं. विद्यापीठ प्रवेशाच्या काओखाओ परीक्षेत बहुतेक प्रांतांत 750 पैकी 150 गुण इंग्रजीला असतात. त्यामुळे शाळांचा भर गुण मिळवून देणाऱ्या गोष्टींवर: चार पर्यायांतून एक निवडा, उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरा. हाओ यात पटाईत होता. येस्टरडे दिसलं की भूतकाळाचा पर्याय, सिन्स दिसलं की हॅव बीन. खुणा ओळखायच्या आणि पुढे जायचं. पण उतारा सलग वाचून त्यात काय घडलं ते सांगायची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नव्हती.

मी त्याला एक वाक्य लिहून दिलं: 'द टीचर हू टॉट माय मदर इज इल.' यात आजारी कोण?

"आई," तो लगेच म्हणाला. शेजारी बसलेली आई दचकली. माय मदर इज इल हे चार शब्द ओळीने दिसले, बाकीचं त्याने सोडून दिलं. यात निष्काळजीपणा नाही. चिनी भाषेत विशेषणासारखा येणारा सगळा मजकूर नामाच्या आधी येतो. 'माझ्या आईला शिकवणारे सर आजारी आहेत' असं आपण म्हणतो ना, चिनीतही साधारण हाच क्रम. इंग्रजी उलट चालतं, आधी टीचर आणि मग कोणते टीचर ते. मी मराठी माध्यमात शिकले असल्यामुळे मला हा गोंधळ परका वाटला नाही. आपल्याकडेही अ, ॲन, द नाहीत. 'जरी... तरी' अशी जोडी असल्यामुळे आपली मुलं 'ऑलदो... बट' लिहितात, आणि चिनी मुलंही नेमक्या त्याच कारणाने तसंच लिहितात.

पण काही ठिकाणी त्यांची वाट आपल्याहून अवघड. मराठीत क्रियापद काळाप्रमाणे, पुरुषाप्रमाणे, लिंगाप्रमाणे बदलतं. चिनी क्रियापद बदलतच नाही. काल, उद्या असे शब्द किंवा एखादा छोटा प्रत्यय जोडून काम भागतं. तो आणि ती यांचा उच्चार एकच, 'ता'. लिहिताना अक्षरं वेगळी, कानाला फरक शून्य. म्हणून हाओ बोलताना स्वतःच्या मावशीलाही ही म्हणायचा आणि आईला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यातही कानाची अडचण मोठी. मँडरिनमधलं अक्षर स्वरावर किंवा न, ङ् अशा ध्वनीवर संपतं, उत्तरेकडे फार तर र वर. वॉक्ड, आस्क्ट, बुक्स यांच्या शेवटी जी व्यंजनांची गर्दी होते ती त्या कानाला ऐकूच येत नाही. हाओला मोठ्याने वाचायला सांगितलं तेव्हा छापलेली ईडी आणि एस ही शेपटं तो सफाईने गिळत गेला. जे ऐकलं नाही आणि उच्चारलं नाही ते लिहिताना आठवणार कुठून?

आणखी एक गोष्ट आईला सांगितली, कारण तिला ती फार उपयोगी पडली. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी 1974 साली इंग्रजी शिकणारी चिनी आणि स्पॅनिश भाषक मुलं तपासली होती. क्रियापदाला लागणारा तृतीय पुरुषी एकवचनाचा एस दोन्ही गटांत अगदी उशिरा आला. स्पॅनिशमध्ये तर क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलतं, तरीही. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली की मातृभाषेचाही परिणाम होतो आणि ज्यांच्या भाषेत आर्टिकल किंवा अनेकवचनाचा प्रत्यय नाही त्यांना ते जास्त जड जातं. म्हणजे दोन्ही बाजूंनी बघितलं तरी 'सहा वर्षं झाली, आता चूक का?' हा प्रश्न त्या मुलावर अन्याय करणारा होता. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग या परीक्षेत एसचे मार्क का कापतात?" रास्त प्रश्न. कापतात, आणि ते मी थांबवू शकत नाही.

मी इंग्रजीची शिक्षिका नाही. माझं काम त्याच्या पोटापासून सुरू होत होतं. दिवसाचा क्रम विचारला: सकाळी क्लास, दुपारी पन्नास शब्दांची यादी, संध्याकाळी चार सराव पत्रिका, आणि रात्री वीचॅटवर वडिलांचा फोन. फोनवर पहिला प्रश्न, आज किती पडले? लाल शाईचा हिशोब असा दिवसातून दोनदा व्हायचा. सराव पत्रिका पूर्ण बंद करा असं मी म्हटलं नाही. त्या बाईने घर सोडलं होतं ते याच कागदांसाठी, आणि ते एका झटक्यात निरुपयोगी ठरवणं मला बरं वाटलं नाही. चाराची एक केली. ती दुसऱ्या दिवशी आणि त्यानेच तपासायची, एका वेळी एकच गोष्ट शोधायची. या आठवड्यात फक्त ईडी. बाकी चुका दिसल्या तरी राहू द्यायच्या. शेवटचं हे आईला सगळ्यात कठीण गेलं.

उरलेल्या वेळात वाचन. पण कोणतं? क्लासमधले उतारे त्याच्या डोक्यावरून जायचे. ओळीत चार शब्द अडले की तो फोनवर भाषांतर काढायचा आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायचा. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासात असं दिसलं होतं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभर शब्दांमागे दोन अनोळखी. मी त्याला यावरूनच एक ढोबळ, थोडं सैल माप दिलं. पान उघड, दर अनोळखी शब्दाला एक बोट मोज, पाच बोटं झाली तर पुस्तक परत ठेव. अडचण अशी की या मापाने त्याच्या वाट्याला सात-आठ वर्षांच्या मुलांची पुस्तकं आली आणि तेरा वर्षांच्या पोराला अपमान वाटला. सार्वजनिक ग्रंथालयात थोडी शोधाशोध केल्यावर शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिलेल्या रहस्यकथा आणि बास्केटबॉलवरची चित्रमय पुस्तकं सापडली. ती मात्र तो उघड्यावर वाचायचा, लपवायचा नाही.

आईचं काम असं ठरलं: वाचून झालं की त्याने तिला गोष्ट चिनीत सांगायची. इथे आमचं खरं वाजलं. क्लासच्या शिक्षकांनी घरात फक्त इंग्रजी बोला असं बजावलं होतं. ती म्हणाली, "चिनीत बोलला तर इंग्रजी सुधारणार कसं?" मी विचारलं, तुमच्या घरात इंग्रजीत काय बोलणं होतं? जेवलास का, पेपर झाला का, झोप. तिचं इंग्रजी एवढंच होतं, त्यामुळे मायलेकांचं बोलणंही एवढंच उरलं होतं. हा 'फक्त इंग्रजी'चा सल्ला मला कधीच पटलेला नाही, आणि इथल्या मराठी घरांतही तो दिला जातो तेव्हा मी असंच भांडते. गोष्ट कळली की नाही हे तपासायला मातृभाषेइतकं सोयीचं साधन दुसरं कोणतं? टीचर आजारी की आई, हे चिनीत सांगताना लपवता येत नाही. आणि आईला इंग्रजी येत नसल्यामुळे ती चूक काढू शकत नव्हती, फक्त 'मग पुढे?' विचारू शकत होती.

वडिलांशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न गुणांचा नको, गोष्टीचा असू दे, हे मान्य केलं. पाळलं की नाही याबद्दल मायलेकांचं एकमत नव्हतं.

पोटदुखी आधी कमी झाली, इंग्रजी बऱ्याच नंतर. लिहिताना ईडी बऱ्यापैकी बसला. बोलताना अजूनही गळतो, आणि ही-शीचा घोळ घाई झाली की परततोच. प्रवेश परीक्षेत त्याला वयाच्या मानाने एक इयत्ता खाली, माध्यमिक शाळेत जागा मिळाली. आईला ते लागलं. हाओला नाही, कारण खालच्या इयत्तेतली पाठ्यपुस्तकं त्याला वाचता येत होती.

त्यानंतर ती एकदाच आली, नवी काळजी घेऊन. शाळेतली मुलं 'ही ईट ऑलरेडी' असं सिंग्लिश, म्हणजे सिंगापूरचं बोलीतलं इंग्रजी, बोलतात, यानेही तेच उचललंय, व्याकरण बिघडेल का? मी म्हटलं, मित्रांत बोलू द्या. तो ऑलरेडी काम झालं हे दाखवणाऱ्या चिनी 'ल'च्या जागी बसलेला आहे हे हाओनेच मला समजावून सांगितलं होतं, आणि उत्तरपत्रिकेत तो तसं लिहीत नव्हता. तिने वही काढून दाखवली, खरंच नव्हतं. शनिवारचा व्याकरणाचा क्लास मात्र तिने चालू ठेवला आहे. माझी त्याला हरकत नव्हती.