दुसरीतली मुलगी ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिते, शाळेत अजून काड्याच मोजतात. क्लास लावावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी कोल्हापुरात मराठी शाळेत दुसरीला आहे, पाढे दोन-तीनच्या पुढे सरकलेले नाहीत आणि बाई वर्गात गठ्ठे बांधून घेत बसतात. ‘हा नुसता खेळ झाला’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी पहिली-दुसरीलाच शिकवते.

तिला त्रेचाळीस येत नाही असं नाही, ती ऐकते तसं लिहिते. ‘त्रे’ आधी कानावर पडतं म्हणून तीन आधी, चाळीस मागून येतं म्हणून चार मागून. सीमेकडच्या ज्या पोरांच्या घरी कानडी आहे, ती ‘नलवत्तमूरु’ म्हणतात, चाळीस आधी नि तीन नंतर, त्यामुळे तिथं हा घोळच नाही. त्यात आपल्याकडे ‘एकोण’वाले आठ आकडे, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत. एकोणतीस सांगितलं की पोरं बिनधास्त ३९ लिहितात, कारण तीस ऐकू आलेलं असतं आणि शेवटी नऊ येतो एवढं ठाऊक असतं. हे बसतंय तोवर नव्व्याण्णव नियम मोडून उभा.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात नेहमीच्या नावाच्या जोडीला ‘वीस एक’, ‘चाळीस तीन’ असं वाचन दिलं, ते याचसाठी. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. केवढी टिंगल झाली! आमचे थोरले भावजी जेवणाच्या ताटावरनं विनोद वाचून दाखवायचे. ‘आम्ही घोकलं, आमचं काय अडलं?’ हे त्यांचं पालुपद अजून चालू आहे. जुनी नावं कुणी काढून टाकली नव्हती, जोडीला एक पायरी दिली होती. पण पुस्तक उघडून बघतो कोण.

आता काड्यांचं. घरी करायच्या तर शंभर काड्या आणि दहा रबर घ्या. खराट्याचे हीर चालतात, पण टोकं छाटा (डोळ्यात जातात) आणि जाडी सारखी बघा. बारीक हिरांचा दहाचा गठ्ठा सात जाड हिरांपेक्षा लहान दिसतो आणि या वयात मूल आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवतं. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या चपट्या काड्या बऱ्या. रबर केसांचे घ्या, साधे पातळ रबर दोन वेढ्यांत तुटतात आणि मग रडारड.

गठ्ठे तिलाच बांधू द्या, ही गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. पालक हौसेनं दहा गठ्ठे तयार करून देतात आणि मुलाच्या लेखी ती दहा जाडी लाकडं होतात, शंभर नव्हे. तिनं बांधलेल्या गठ्ठ्यात किती, असं विचारलं की पहिले काही दिवस ती सोडून परत मोजेल. मोजू द्या. न सोडता ‘दहा’ म्हणायला लागली की पुढं जायचं.

फरशीवर खडूनं उभी रेघ मारा. डावीकडं दशक, उजवीकडं एकक. आणि तिच्या शेजारी बसा. समोर बसलात तर तुमची डावी तिची उजवी होते आणि तुम्हीच शिकवलेलं उलटं बसतं. मग ‘त्रेचाळीस’ म्हणा, पण ती पूर्ण ऐकेपर्यंत पेन्सिल हातात नको. आधी चार गठ्ठे, मग तीन सुट्या, ‘चार दशक तीन एकक’ असं तोंडानं, मग लिहायचं. काही घरी युक्ती शिकवतात की ‘आधी तीन लिही आणि डावीकडं चार टाक’. दोन अंकांपर्यंत ती चालते. एकशे त्रेचाळीस आलं की एक, मग जागा सोडून तीन, मग मध्ये चार कोंबायचा! ती सवय मोडायला मग आम्हाला दुप्पट वेळ लागतो.

दुसरी चूक ४०३ ची, म्हणजे चाळीस लिहून पुढं तीन. त्याला लग्नपत्रिकांचा जाड कागद कापा. दशकाची कार्डं ६ सेंटिमीटर रुंद (१०, २०, ३० अशी), एककाची ३ सेंटिमीटर. चाळीसच्या शून्यावर तीनचं कार्ड ठेवलं की ४३ दिसतं, उचललं की शून्य परत दिसतं. पैसे सुट्या काड्यांनंतर. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी चालतील, दहाचं नाणं मात्र लगेच नको, ते एकच म्हणून मोजलं जातं.

या ‘खेळा’चा उपयोग वजाबाकीला दिसतो. ४३ मधून १८ घालवा असं वहीत दिलं की हातचा घोकलेली कितीतरी पोरं ३५ लिहितात. तीनातून आठ जात नाही म्हणून आठातून तीन घालवतात, चारातून एक, झालं. तेच काड्यांवर बघा. चार गठ्ठे, तीन सुट्या, अठरा द्यायच्या. मूल तिन्ही सुट्या देतं आणि अडतं. गठ्ठ्याकडं बघतं, माझ्याकडं बघतं, कारण रबर काढायची परवानगी आहे का हेच त्याला कळत नसतं. मी काही बोलत नाही. मग हळूच एक रबर निघतं, आणखी पाच दिल्या जातात, एक अख्खा गठ्ठा सरकतो. उरले दोन गठ्ठे नि पाच. हातचा म्हणजे हे सुटलेलं रबर, पण भावजींना ते आजही सांगता येणार नाही. त्यांनी हातचे आयुष्यभर घेतले, ते येतात कुठून हे विचारलं की चिडतात.

पाढ्यांचं म्हणाल तर दोन, पाच, दहा आधी, चिंचोक्यांच्या ओळी मांडून. निपुण भारत, म्हणजे केंद्र सरकारचा लहान वर्गांच्या वाचन-गणिताचा कार्यक्रम, त्याच्या उद्दिष्टांत दुसरीअखेर ९९९ पर्यंतचे आकडे आणि ९९ पर्यंतची वजाबाकी आहे, साधे गुणाकार तिसरीच्या ओळीत. तुमची मुलगी मागं नाही.

क्लास लावू नका. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच गावात सात वर्षांच्या पोरीला शाळेनंतर पुन्हा पैसे भरून बसवायचं, हे मला पटत नाही. क्लासवाले पाढे पाठ करून घेतील, तुम्हाला बरं वाटेल, ३४ तसाच राहील. त्यापेक्षा रस्त्यानं जाताना एमएच ०९ च्या पाट्यांवरचे शेवटचे दोन आकडे वाचायला लावा.

सेमीत घातलं तर सुटेल असंही कुणी सांगेल. फॉर्टी थ्रीला सुटतं, थर्टीन-थर्टीला परत येतं.

एवढं मात्र बघा. तिसरीची दिवाळी झाली तरी काड्या समोर असताना उलटंच लिहीत असेल, किंवा फळ्यावरचं उतरवतानाही आकडे बदलत असतील, तर डोळे आणि कान तपासून घ्या आणि वर्गशिक्षिकेशी बोला. मला न बघता इथून त्याचं निदान करता येणार नाही. आणि घरात लहान भावंड असेल तर मोजायला हरभरे-वाटाणे देऊ नका, नाकात घालतात आणि ते आत फुगतात.