'क्रो'ला मराठीत काय म्हणावं?

दारव्ह्याकडच्या एका मास्तरांचा प्रश्न आहे. इंग्रज कवी टेड ह्यूजच्या 'क्रो' या संग्रहातल्या काही कविता ते वऱ्हाडीत आणताहेत. नावाला काक घ्यावं, कावळा, डोमकावळा, की गावात म्हणतात तसं कावया? त्यांचा मित्र म्हणतो, हा मिथकातला पक्षी आहे, त्याला संस्कृत शब्दच शोभेल.

मास्तर, शोभेल असा शब्द या पुस्तकाला चालायचा नाही. लेनर्ड बास्किन या अमेरिकन शिल्पकारानं कावळ्याची चित्रं केली होती. त्यांच्यासोबत कविता दे, म्हणून त्यानं ह्यूजला गळ घातली. त्यातून ह्यूजला आख्खं पुराणच दिसायला लागलं: देव, सृष्टी, पहिला बाप्या, पहिली बाई, साप, आणि या सगळ्यांत चोच खुपसणारा, कितीही मार खाल्ला तरी न मरणारा एक काळा पक्षी. १९६९ साली त्याची सोबतीण आणि लहानगी मुलगी गेली आणि ते पुराण अर्धंच राहिलं. जेवढं झालं होतं त्यातून १९७० साली हा संग्रह निघाला, त्या दोघींच्या स्मृतीला वाहिलेला. भाषेबद्दल तर ह्यूजनंच सांगून ठेवलंय की त्याला संगीत नसलेली गाणी हवी होती, अगदी साध्या आणि अगदी कुरूप भाषेतली. 'काक' म्हटलं की ही कुरूपता धुऊन निघते.

दोन्ही शब्दांतलं अंतर एकाच गोष्टीवर तपासून पाहा. पंडित म्हणतो 'काकतालीय न्याय'. गावातला माणूस म्हणतो 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला'. अर्थ एकच, पण पहिल्यात पक्षी दिसतच नाही, दुसऱ्यात फांदी मोडल्याचा आवाज येतो. दुसरी म्हण घ्या: 'कावळ्याच्या हाती दिला कारभार, त्यानं हागून भरला दरबार.' इथं 'काकाच्या हाती' म्हणून पाहा, म्हण जागीच मरते (आणि वर बिचाऱ्या चुलत्यावर आळ येतो). संग्रहातल्या एका कवितेत माणसांत जीव कसा घालावा या विचारात देवाला झोप लागते, तेवढ्यात ह्यूजचा कावळा परस्पर आपला उद्योग उरकून टाकतो. दरबारातला आपला कावळा तो हाच.

तरी संस्कृताकडे पाठ फिरवू नका. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात कावळ्याची नावं दिलीत: करट, अरिष्ट, बलिपुष्ट, ध्वांक्ष, परभृत्, वायस, आणि त्यांतच 'आत्मघोष'. म्हणजे स्वतःच्याच नावाचा घोष करणारा. या एका शब्दावर मी कितीतरी दिवस थांबलो आहे. संग्रहात आणखी एक कविता आहे, त्यात देव कावळ्याला 'प्रेम' हा शब्द म्हणायला शिकवतो. कावळा चोच वासतो आणि दर वेळी भलतंच काहीतरी बाहेर पडतं. आता 'प्रेम' म्हणून पाहा: सुरुवातीला ओठ मिटावे लागतात, शेवटीही मिटावे लागतात. ज्याला ओठच नाहीत त्यानं ते म्हणावं कसं? 'काव' मात्र उघड्या चोचीतून निघतं. ह्यूजला अमरकोश ठाऊक असण्याचं कारण नाही, पण या कवितेच्या तुमच्या अनुवादाला 'आत्मघोष' हे शीर्षक मी डोळे मिटून देईन. पुस्तकाला नाही.

डोमकावळ्याचं म्हणाल, तर पक्षी म्हणून तोच जवळचा. इंग्लंडातला मढी खाणारा क्रो सगळाच काळा असतो. आपल्या घरांभोवतीच्या गावकावळ्याची मान राखाडी. गिधाडं नाहीशी झाल्यापासून मेलेल्या ढोरावर कुत्र्यांसोबत दिसतो तो जाड चोचीचा, पूर्ण काळा डोमकावळा. पण शब्दकोश हा शब्द 'रॅव्हन' या त्याहून मोठ्या, वेगळ्या पक्ष्यालाही देतात, म्हणजे घोळ व्हायचाच. शिवाय नाव एका दमात हाकारता आलं पाहिजे.

आता खरी अडचण. मराठीत कावळा एकटा येत नाही, त्याच्यामागून 'शिवणे' हे क्रियापद येतं. प्राकृत 'छिवइ' म्हणजे स्पर्श करतो, त्यातलं हे शिवणे. सुई-दोऱ्याचं शिवणे वेगळं, ते 'सीव्' धातूचं. पिंडाला कावळा शिवतो. पाळीतल्या बाईलाही 'कावळा शिवला' म्हणत. शिवाशिवही याच घरातली. माझ्या आजीच्या दहाव्याला वर्धा नदीच्या काठी आम्ही दुपारपर्यंत बसलो होतो. पिंड पडून, कावळे झाडावर. मोठे काका मोठ्यानं म्हणाले, "माय, धाकट्या पोरीचं लगन आमी करून देऊ, काळजी नोको करू." तरी शिवेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. त्या दिवशी झाडावर जे बसले होते ते नुसते पक्षी नव्हते, आजीचा होकार-नकार होते.

ह्यूजच्या क्रोमागे पितर नाहीत. तो कुणाचा निरोप आणत नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या विरहिणीला कोकणारा काऊ शकुन सांगतो, विठ्ठल येणार असल्याचा. म्हणून 'कावळा' लिहिलं की मराठी वाचक शकुन, पिंड, विटाळ हे सगळं सोबत घेऊन येणार. काहींना हा दोष वाटेल, मला हा लाभ वाटतो. मात्र अनुवादात 'शिवला' हे क्रियापद जपून वापरा. मूळात साधा स्पर्श असेल तर 'चोच लावली', 'टोचलं' म्हणा. शिवणे राखून ठेवा, मरण आणि जन्म एकाच ओळीत येतील तेव्हासाठी.

इंग्रजीत आधी 'द' नसल्यानं 'क्रो' हे विशेषनाम होतं. मराठीत ती सोय नाही, पण गोष्ट सांगायची रीत आहे. 'एक होता कावळा' एकदाच म्हणा. पुढं 'एक' नको, 'तो कावळा' नको, नुसतं 'कावळा म्हणे', 'कावळ्यानं पाह्यलं'. 'म्हणे' लागलं की पक्षी आपोआप पात्र होतो. 'कावळोबा', 'काऊदादा' नको, ते लेकरांच्या गोष्टीतच राहू द्या.

आणि कावया? वऱ्हाडात ळ चा य होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तोच ळ र होतो, तिकडे कावरा. मुखपृष्ठावर कावया टाकलं तर भंडाऱ्याकडचाही वाचक अडखळेल. तिथं 'कावळा'च ठेवा. आत मात्र निवेदन आणि कावळ्याचं बोलणं, दोन्ही पूर्ण वऱ्हाडीत येऊ द्या: "कावया म्हने, मले काहून इचारता?" देवाला तेवढं पुस्तकी मराठी बोलू द्या. देव शिकवतोय आणि कावया शिकत नाही, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.